महिनाअखेरची ओढाताण अशी थांबली

आमच्या घरात पगार वेळेवर यायचा, तरी वीस तारखेनंतर हात आखडायचा. वहीत सगळा खर्च लिहायला लागलो तेव्हा कळलं, की किराणा किंवा दूध-भाजी घर बुडवत नव्हती. वर्षातून एकदाच येणारे खर्च सगळं गणित मोडत होते: जूनमधली शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणपती, दिवाळी, विम्याचा हप्ता, घरपट्टी.

मग या सगळ्यांची बेरीज केली. ती ४८,००० रुपये आली, म्हणजे महिन्याला ४,०००. पगार झाला की त्याच दिवशी ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात जाते. त्या खात्याला यूपीआय मुद्दाम जोडलेलं नाही. हा एक बदल बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा ठरला.

गहू-तांदूळ आता उन्हाळ्यातच वर्षाचा भरतो. नवा गहू आला की गच्चीवर चांगलं कडक ऊन द्यायचं, गार झाल्यावर कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवायचा. दमट राहिला तर किडे होतात, म्हणून इथे घाई नको. भाजीला आठवड्याचे पैसे रोख काढतो. पाकीट हलकं झालेलं डोळ्यांना दिसतं आणि हात आपोआप आवरतो.

पोस्टात आवर्ती ठेवही उघडली. महिना १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत ५ वर्षं.

यंदा दिवाळीचे कपडे, फराळ, सगळं रोखीत झालं. उसनवारी नाही, कार्डाचा हप्ता नाही. बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी आईंना पंढरपूरला नेऊया." त्यासाठीचे महिना ३०० रुपयेही आता त्याच खात्यात जातात.