पिकअपचे ब्रेक लवकर झिजतायत? या चुका टाळा

‘पार्ट डुप्लिकेट निघाला.’ ब्रेक पॅड वेळेआधी गेले की सोलापुरात पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. कधीकधी ते खरंही असतं. पण चाक खोललं की निम्मं उत्तर तिथंच मिळतं. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड सारखे झिजलेत, तर आधी ड्रायव्हरचा पाय तपासा. आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा शाबूत आहे, तर पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना किंवा पिस्टन जाम असू शकतात. तिथं सवय बदलून काही होणार नाही.

सगळ्यात महागात पडणारी सवय म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करणं. तुळजापूरकडून कांदा घेऊन बाजार समितीला येणारी पिकअप घाट चढते रिकामी आणि उतरते भरलेली. नेमक्या त्याच वेळी न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरत नाही आणि सगळा भार पुढच्या पॅडवर आणि मागच्या ड्रममधल्या लायनरवर येतो. ‘डिझेल वाचतं’ हे कारण कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनला लागू नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. काही महाभाग तर इंजिनच बंद करून उतरतात. मग दोन-तीनदा पेडल मारलं की पायाला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ते बरोबर आहे. ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरू नका. नीट दाबून वेग कमी करा, पाय काढा, गरज पडली की पुन्हा दाबा. मधल्या वेळात ड्रमला हवा लागते. सतत दाबून धरला की ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब राहतो आणि पेडल खाली जायला लागतं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी पंचाईत. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवीन असताना २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून हीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाक थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला. सोलापूरच्या उन्हाला उगाच बोल लावतात. घाटात ड्रमच दोनशेच्या वर जात असेल, तर हवेतल्या बेचाळीस अंशांचं काय कौतुक?

पुणे रोडवर ऊस सुरू झाला की वेगळीच तऱ्हा. ट्रॉलीच्या मागं ८० ने जाऊन अगदी जवळ गेल्यावर ब्रेक मारायचा. ६० वरून थांबताना जेवढी उष्णता ब्रेकला गिळावी लागते, त्याच्या पावणेदोन पट ८० वरून थांबताना. लांबूनच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर ही उष्णता बरीच कमी होते.

आता स्प्रिंगच्या पाट्यांची गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. जास्त माल भरता यावा म्हणून मागं पाटे वाढवतात. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ लोडप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस किती खाली बसली यावरून तो भार ओळखतो. पाटे वाढले की भरलेली गाडीही वरच राहते. व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कमी ठेवतो. सगळं काम पुढच्या पॅडवर, वर ओव्हरलोड आहेच. पाटे वाढवलेच असतील तर निदान तो व्हॉल्व्ह सेट करून घ्या.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. पेडल स्पंजासारखं लागतंय, तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. ब्रेक मारताना पेडल थरथरतंय, तर डिस्क वाकडी झालीय. तापलेल्या चाकावर थंड पाणी मारणाऱ्यांनी ती सवय आधी सोडावी. गाडी एका बाजूला ओढतेय, तर त्या बाजूचा कॅलिपर जाम आहे किंवा दुसऱ्या बाजूच्या पॅडवर ग्रीस-ऑइल आलंय. पॅड-लायनर नेहमी जोडीनं बदला, एका चाकाचे कधीच नाही.

आणि डब्यातलं ब्रेक ऑइल कमी दिसलं की लगेच भरू नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. आधी पॅड बघा. पॅड ठीक असूनही ऑइल कमी होत असेल, तर मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. लायनर ढकलणारा व्हील सिलिंडर बहुतेक तिथंच गळतो.