अँग्लिकन मंडळीत आगमनकाळ आणि नाताळ कसा पाळावा

अँग्लिकन मंडळीत नव्याने येणाऱ्याला डिसेंबरच्या सुरुवातीला एक गोष्ट कोड्यात टाकते. दुकानांतून नाताळची गाणी वाजत असतात, आणि चर्चमध्ये मात्र वेदीवर जांभळे वस्त्र असते, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गायले जात नाही आणि पहिल्या रविवारी वाचले जाणारे शुभवर्तमान बाळ येशूविषयी नसून प्रभूच्या पुनरागमनाविषयी, जागे राहण्याविषयी असते. मंडळी तेव्हा नाताळात पोहोचलेलीच नसते. ती वाट पाहत असते. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे सुमारे चार आठवडे, आगमनकाळासारखा पाळला आणि नाताळ २४ डिसेंबरच्या रात्री सुरू होऊ दिला, तर त्या रात्रीचे गाणे ओठांवर ताजे येते. पुढे सांगितलेला क्रम या एका गोष्टीसाठीच आहे, आणि तो घरी पाळता येतो तसाच मंडळीच्या सेवेत हातभार लावणाऱ्यांनाही उपयोगी पडतो.

तारखा आधी मांडून घ्याव्यात

आगमनकाळाचा पहिला रविवार हा चर्चच्या वर्षाचा पहिला दिवस. संत आंद्रिया यांच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, जो रविवार सर्वांत जवळ असेल तो हा रविवार. त्यामुळे तो नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. उलट मोजायचे असल्यास नाताळच्या आधीचे चार रविवार मागे मोजावेत. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला, आणि २०२८ मध्ये थेट ३ डिसेंबरला. या शेवटच्या प्रकारच्या वर्षाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्या वर्षी चौथा रविवार आणि २४ डिसेंबर एकाच दिवशी येतात: सकाळची उपासना जांभळ्या वस्त्रांत आगमनकाळाची, आणि रात्रीची पांढऱ्या वस्त्रांत नाताळची. वेदीची सजावट सांभाळणाऱ्यांना मधली एकच दुपार मिळते, म्हणून फुले, वस्त्रे आणि मदतीचे हात यांची व्यवस्था आठवडाभर आधी करून ठेवावी.

तारखांबरोबर वाचनांचे वर्षही पाहून घ्यावे. अनेक अँग्लिकन मंडळ्या तीन वर्षांची वाचनमालिका वापरतात. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तयचे शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक. २०२६ च्या आगमनकाळापासून मार्कचे वर्ष सुरू होते. चारही रविवारांची वाचने नोव्हेंबरमध्येच एकदा सलग वाचून काढावीत. पहिल्या रविवारी प्रभूचे पुनरागमन, दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान, आणि चौथ्या रविवारी कुठे मरीया तर मत्तयच्या वर्षी योसेफ, असा हा प्रवास आहे. शेवटापासून सुरू होऊन जन्मापाशी येणारी ही उलटी चाल ध्यानात आली की जांभळ्या रंगाचा आणि गंभीर स्वराचा अर्थ आपोआप उलगडतो.

मेणबत्त्यांचे वर्तुळ

आगमनकाळाची सर्वांत ओळखीची खूण म्हणजे ॲडव्हेंट रीथ, सदाहरित डहाळ्यांच्या वर्तुळात बसवलेल्या चार मेणबत्त्या आणि मधोमध पाचवी पांढरी. ही प्रथा मूळची अँग्लिकन नव्हे. हॅम्बुर्गमधील लुथरन पाळक योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये आपल्या आश्रयगृहातल्या मुलांना नाताळ किती दिवसांवर आहे हे दिसावे म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, आणि तिथून ती इतर मंडळ्यांत पसरली. पुष्कळ ठिकाणी तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते, कारण तो रविवार ‘आनंद करा’ या शब्दाचा मानला जातो. काही मंडळ्या चारही लाल लावतात, तर काहींत निळा रंग वापरतात. आपल्या मंडळीची रीत आधी पाळकांना विचारावी आणि तीच घरीही ठेवावी.

चार मेणबत्त्यांचे अर्थही वेगवेगळे सांगितले जातात. आशा, शांती, आनंद आणि प्रीती ही मांडणी सोपी आहे, पण मला दुसरी अधिक भावते: पहिली अब्राहाम आणि इतर पूर्वजांची, दुसरी संदेष्ट्यांची, तिसरी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची आणि चौथी मरीयेची. इथे प्रत्येक ज्योत म्हणजे वाट पाहणारे एक माणूस आहे, आणि मुलांना दर रविवारी एक गोष्ट सांगता येते.

मांडणी करताना एक व्यावहारिक हिशेब विसरला जातो. पहिली मेणबत्ती चारही रविवारी आणि पुन्हा नाताळला जळते, चौथी मात्र फक्त दोनदा. सगळ्या सारख्याच आणि बारीक घेतल्या तर नाताळच्या रात्री पहिलीचा केवळ बुडखा उरतो. म्हणून जाड मेणबत्त्या घ्याव्यात आणि उपासना संपताच विझवाव्यात. डहाळ्या पंधरा दिवसांत वाळतात आणि वाळलेले सुचीपर्ण चटकन पेट घेते. तिसऱ्या रविवारच्या आधी त्या बदलाव्यात, प्रत्येक मेणबत्तीखाली धातूची वाटी ठेवावी आणि जवळ पाण्याची किंवा वाळूची बादली असावी. घरी रीथ जेवणाच्या टेबलावर ठेवावी आणि जेवणाआधी पेटवावी. पेटवण्याचे काम आळीपाळीने सर्वांना मिळावे, सर्वांत लहान मुलालाही, मोठ्याच्या हाताचा आधार देऊन.

रोजची दहा मिनिटे

रविवारच्या उपासनेइतकेच महत्त्व मी घरच्या रोजच्या प्रार्थनेला देतो. तिच्यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची विशेष प्रार्थना, जिला कलेक्ट म्हणतात, ती १५४९ च्या पहिल्या प्रार्थनापुस्तकासाठी रचली गेली आणि १६६२ च्या पुस्तकात ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज म्हणावी अशी सूचना आहे. अंधाराची कामे टाकून देऊन प्रकाशाची शस्त्रसामग्री धारण करण्याची कृपा तीत मागितली आहे. ही प्रतिमा रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातली. चार आठवडे रोज म्हटल्यावर ती मुलांनाही पाठ होते.

तिच्या जोडीला बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचे वाचन ठेवावे. ९, ११, ३५, ४० आणि ६१ हे अध्याय थोडे थोडे करून वाचल्यास महिना भरतो. क्रम साधा असावा: मेणबत्ती पेटवावी, तीनचार ओव्या वाचाव्यात, क्षणभर शांत बसावे, कलेक्ट म्हणावी आणि त्या दिवशी ज्याला प्रार्थनेची गरज आहे अशा एकाचे नाव घ्यावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नये. पुढचा भाग वाचावा.

१७ डिसेंबरपासून या प्रार्थनेला वेगळा रंग चढतो. त्या दिवसापासून २३ तारखेपर्यंत संध्याकाळच्या उपासनेत मरीयेच्या स्तोत्राच्या आधी आणि नंतर रोज एक प्राचीन आर्जव गायले जाते, आणि प्रत्येकात ख्रिस्ताला एका नव्या नावाने हाक मारलेली असते: ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवती प्रभा, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल. मूळ लॅटिन नावांची आद्याक्षरे शेवटाकडून वाचली तर ‘उद्या मी असेन’ असा अर्थ निघतो. इंग्लंडच्या जुन्या परंपरेत आठवे आर्जव होते, म्हणून १६६२ च्या पंचांगात ही मालिका १६ डिसेंबरलाच नोंदलेली दिसते. घरी सात कागदांवर सात नावे लिहून रोज एक भिंतीवर लावावे आणि त्या नावाने एक वाक्याची प्रार्थना करावी, एवढेही पुरते.

नऊ वाचने आणि कॅरोल

या काळातील सर्वांत लोकप्रिय अँग्लिकन उपासना म्हणजे नऊ वाचने आणि कॅरोल, म्हणजे नाताळची गीते. १८८० मध्ये नाताळच्या आदल्या रात्री इंग्लंडमधील ट्रुरो येथे, कॅथेड्रल उभे राहण्यापूर्वी वापरात असलेल्या तात्पुरत्या लाकडी इमारतीत, बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी ती पहिल्यांदा घेतली. १९१८ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे डीन एरिक मिल्नर-व्हाइट यांनी ती तिथे सुरू केली. ते नुकतेच महायुद्धातून सैन्याचे चॅप्लन, म्हणजे धर्मगुरू, म्हणून सेवा करून परतले होते, आणि त्यांनी लिहिलेल्या आरंभीच्या प्रार्थनेत गरीब, भुकेले, आजारी आणि शोकाकुल यांच्याबरोबरच पैलतीरावर अधिक मोठ्या प्रकाशात आपल्यासह आनंद करणाऱ्यांचेही स्मरण आहे. युद्धाने रिकाम्या केलेल्या बाकांसमोर ते शब्द कसे ऐकू आले असतील, याचा विचार करून ही प्रार्थना वाचावी. घाईने उरकू नये. १९२८ पासून ही उपासना बीबीसीवर प्रसारित होऊ लागली आणि जगभर पोहोचली.

आपल्या मंडळीत ती घ्यायची असल्यास तयारी किमान तीन आठवडे आधी सुरू करावी. वाचनांची निवड आधी, गीतांची नंतर. क्रम सहसा असा असतो: उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदामाचे पतन, बाविसाव्यात अब्राहामाला दिलेले वचन, यशयाच्या नवव्या आणि अकराव्या अध्यायांतील भविष्यवाणी, मग लूकमधून मरीयेला मिळालेला संदेश, जन्म आणि मेंढपाळ, मत्तयमधून मागी लोक (ताऱ्यामागे पूर्वेकडून आलेले ज्ञानी), आणि शेवटी योहानाचा ‘प्रारंभी शब्द होता’ हा अध्याय. पुष्कळदा उपासना लांबते म्हणून पहिली दोन वाचने गाळली जातात. माझ्या मते ती कधीही गाळू नयेत. आदाम बागेत लपल्याचे ऐकले नाही तर गव्हाणीत कोण आणि कशासाठी आले हे कळत नाही. वेळ कमी असेल तर एखादे गीत कमी करावे.

वाचक लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने निवडण्याची रीत आहे: पहिले वाचन गायकवृंदातील मुलाचे, शेवटचे पाळकांचे किंवा बिशपांचे. प्रत्येकाला आपले वाचन मोठ्या अक्षरांत छापून द्यावे आणि प्रत्यक्ष चर्चमध्ये, त्याच व्यासपीठावर, मायक्रोफोनसह एकदा वाचायला लावावे. घरी सुरेख वाचणारे मूल रिकाम्या कमानींत स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकून अडखळते. एक सराव झाला की ते धीराने वाचते.

मुले असलेल्या मंडळीत क्रिस्टिंगल, म्हणजे मेणबत्ती खोवलेले सजवलेले संत्रे, हाती घेऊन करायची उपासनाही जोडता येते. संत्रे म्हणजे जग, त्याभोवतीची लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, चार काड्यांवरची सुकी फळे किंवा मिठाई म्हणजे सृष्टीची देणगी, आणि मधली मेणबत्ती म्हणजे ख्रिस्त. तिची सुरुवात १७४७ मध्ये जर्मनीतील मोरावियन मंडळीत झाली आणि १९६८ पासून ती चर्च ऑफ इंग्लंडमध्ये रुळली. लांब केस बांधलेले असावेत आणि ज्योत पेटलेली असताना मुलांना रांगेने चालवू नये.

गव्हाणी आणि नाताळची रात्र

गव्हाणीचा देखावा चौथ्या रविवारच्या सुमारास मांडावा, पण रिकामा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चोला जिवंत बैल आणि गाढव आणून असा देखावा उभा केला, तेव्हापासून ही प्रथा विशेष पसरली. मरीया, योसेफ आणि प्राणी ठेवावेत; मेंढपाळ जरा दूर असावेत; मागी लोक चर्चच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत ठेवून दर काही दिवसांनी पुढे सरकवावेत. बाळाची मूर्ती वेगळी जपून ठेवावी आणि ती कुठे ठेवली हे दोघांना माहीत असावे.

२४ तारखेच्या रात्रीची सहभागितेची, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस घेण्याची, उपासना बहुधा अकरा ते साडेअकराच्या दरम्यान सुरू होते. वेदीवर आता पांढरे किंवा सोनेरी वस्त्र असते. बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवली जाते, मधली पांढरी मेणबत्ती पेटते आणि चार आठवडे न गायलेला ‘ग्लोरिया’ पुन्हा गायला जातो. त्या गीताचे पहिले शब्द मेंढपाळांनी देवदूतांच्या तोंडून ऐकले होते, लूकच्या दुसऱ्या अध्यायात. म्हणूनच ते इतके दिवस राखून ठेवलेले असते. या उपासनेला वर्षातून एकदाच येणारे पुष्कळ लोक असतात. दाराशी उभे राहणाऱ्यांनी त्यांना पुस्तिका हातात द्यावी आणि कोणत्या पानापासून सुरुवात आहे हे सांगावे. सहभागितेसाठी पुढे यावे की नाही, हे पाळकांनी सुरुवातीलाच स्पष्ट करावे: इतर ख्रिस्ती मंडळ्यांत सहभागिता घेणारे बाप्तिस्माप्राप्त लोक बहुतेक अँग्लिकन चर्चमध्ये ती घेऊ शकतात, आणि ज्यांना घ्यायची नाही त्यांना आशीर्वादासाठी पुढे येता येते. आधीच सांगितले की कुणी संकोचून बाकावर बसून राहत नाही.

२५ नंतर

इथे बहुतेक घरांची चूक होते: २६ तारखेला झाड उतरवले जाते. नाताळ बारा दिवसांचा आहे. २६ ला पहिला हुतात्मा संत स्तेफन, २७ ला प्रेषित योहान, २८ ला हेरोदाने मारलेली निष्पाप बालके, १ जानेवारीला येशूचे नामकरण. स्तेफन आणि बालकांच्या दिवशी वेदीचा रंग लाल होतो. गव्हाणीजवळ इतक्या लवकर आलेले हे रक्त मंडळीने पंचांगातून कधी पुसले नाही. २८ ला घरी युद्धात आणि छळात मेलेल्या मुलांसाठी प्रार्थना करावी. कॅरोल या बारा दिवसांत मनसोक्त गावेत. पुष्कळांना ते ख्रिसमसनंतर शिळे वाटतात, पण त्यांचा खरा काळ हाच आहे.

६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, मागी लोक शेवटी गव्हाणीशी पोहोचतात. पुष्कळ घरांत आदल्या संध्याकाळीच सजावट उतरते, पण देखावा २ फेब्रुवारीपर्यंत ठेवण्याचीही परंपरा आहे. त्या दिवशी, जन्मापासून चाळिसाव्या दिवशी, येशूला मंदिरात अर्पण केल्याचे स्मरण होते, मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो आणि शिमोनाचे गीत गायले जाते. मग मूर्ती मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवाव्यात, बाळाची सर्वांत वर, आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पुढच्या वर्षी कोणत्या रंगाच्या किती मेणबत्त्या आणायच्या हे लिहून ठेवावे.