खडीच्या रस्त्यावर स्पोर्ट्‌स कार नेताना
आइसलँडमध्ये डांबरी रस्ता मध्येच संपून खडी सुरू होते, आणि वस्तीबाहेरील कमाल वेग तेथे ताशी ९० वरून ८० किलोमीटरवर येत असला, तरी जमिनीलगत बसणाऱ्या, रुंद टायरांच्या स्पोर्ट्‌स कारसाठी तोही जास्तच म्हणावा लागेल. वेग डांबरावर असतानाच उतरवावा. सैल खडीत लॉक झालेल्या चाकांपुढे खडीचा ढीग साचून गाडी अडते, परंतु एबीएस ही ब्रेकची यंत्रणा चाके फिरती ठेवत असल्याने तो साचत नाही आणि थांबण्याचे अंतर वाढते. चाके जागीच गरगरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवावे. गाडीचे नाक उचलणाऱ्या यंत्रणेवर मात्र विसंबू नये, कारण वेग वाढताच ते पुन्हा खाली येते. समोरून वाहन आल्यास वेग आणखी कमी करून आपल्या बाजूच्या, म्हणजे तेथे उजव्या, कडेला सरकावे. उडालेल्या खडीने काच बहुधा अशाच वेळी फुटते.