हिरवी उलटी करणाऱ्या नवजात बाळाच्या आतड्यांची तपासणी कशी करावी

नवजात बाळाला हिरवी, म्हणजे पित्तमिश्रित उलटी झाली, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत आतड्याला पीळ पडला आहे असेच धरून चालावे. गर्भावस्थेत आतडे 270 अंशांत फिरून आपल्या जागी बसते. हे फिरणे अपुरे राहिल्यास त्याचा आधार अरुंद राहतो, त्या आधाराभोवती ते पिळवटते आणि काही तासांतच त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून तपासणी सुरू करण्यापूर्वीच बालशल्यचिकित्सकांना कळवावे. पोट ताठ झालेले किंवा बाळ शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडण्याच्या अवस्थेत) जात असलेले दिसले, तर चित्रांसाठी थांबू नये.

प्रथम पोटाचा साधा एक्स-रे काढावा. त्यात हवेचे दोनच फुगे दिसले आणि पुढे कुठेही हवा नसली, तर ग्रहणी (जठरालगतचा लहान आतड्याचा पहिला भाग) जन्मतः बंद असण्याचा संभव मोठा असतो. पीळ असतानाही एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो, हे मात्र विसरू नये.

सोनोग्राफीत आतड्याची मुख्य शीर धमनीच्या उजवीकडे आहे ना, ते पाहावे. शीर धमनीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळलेली दिसली, तर पिळाचा तो भक्कम पुरावा असतो. पण शीर आणि धमनीची मांडणी योग्य दिसल्याने दोष नाकारता येत नाही.

खरा भर कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारे द्रव) देऊन केलेल्या तपासणीवर द्यावा. बाळाला ऊबदार ठेवून, नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे कॉन्ट्रास्ट अगदी थोडे सोडावे. आतड्याला छिद्र पडल्याची शंका असल्यास बेरियम टाळून कमी ऑस्मोलॅलिटीचे (विरघळलेल्या कणांचे प्रमाण कमी असलेले), पाण्यात विरघळणारे कॉन्ट्रास्ट वापरावे. बाळाला उजव्या कुशीवर ठेवले की ते ग्रहणीत उतरते, आणि ग्रहणी मागे पाठीच्या कण्यालगत जाते का, हे त्याच स्थितीत कळते. लगेच बाळाला उताणे, जराही तिरके न होऊ देता, ठेवावे: ग्रहणी जिथे संपते ते वळण मणक्याच्या डाव्या बाजूला आणि ग्रहणीच्या सुरुवातीच्या उंचीवर असायला हवे. कॉन्ट्रास्टची ही पहिली धार पडद्यावरून नजर न हटवता पाहावी, कारण जठर आणि पुढचे आतडे भरले की हे वळण झाकले जाते आणि तितके स्वच्छ दृश्य पुन्हा मिळत नाही. मळसूत्रासारखी खाली उतरणारी ग्रहणी पिळाची निदर्शक असते. फुगलेल्या जठरामुळे निरोगी बाळाचे वळणही खाली सरकते, म्हणून शंका राहिल्यास जठर रिकामे करून पुन्हा पाहावे. केवळ गुदद्वारातून कॉन्ट्रास्ट देऊन अंधांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) जागेवरून निर्णय घेऊ नये. या वयात ते निरोगी बाळातही वर असू शकते.

पीळ दिसताच लेखी अहवालाची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना फोनवर सांगावे आणि जठरात उरलेले कॉन्ट्रास्ट नळीवाटे काढून घ्यावे.