प्रोग्राम उघडत नसेल तर आधी चौकट वाचा

मागच्या कापसाच्या हंगामात एका जिनिंगवरून सकाळी सात वाजता फोन आला. "भाऊ, काट्याचं सॉफ्टवेअर काऊन उघडून नाही रायलं? इकडे गाड्याईची लाइन लागली." आदल्या रात्री त्यांच्या कॉम्प्युटरला नवी एसएसडी बसवून विंडोज टाकलं होतं. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर जुनंच, सेटअपही तोच. जाऊन पाहिलं तर स्क्रीनवर एक छोटी चौकट: या प्रोग्रामला डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ (प्रोग्राम चालवायला लागणारं मायक्रोसॉफ्टचं सामान) लागतं. मॅनेजरनं ती चौकट रात्रीपासून कितीतरी वेळा बंद केली होती आणि तोच सेटअप पुन्हा पुन्हा टाकला होता. बिचाऱ्याची झोप गेली, आणि काय हवंय ते त्या चौकटीतच लिहिलेलं होतं.

लग्नाच्या पंगतीचे मोठे गंज, कढया काही घरोघरी नसतात. गावात एकदाच घेऊन ठेवतात, ज्याच्याकडे कार्य असेल तो नेतो. प्रोग्रामचंही तसंच असतं. प्रत्येक जण सगळं सामान सोबत आणत नाही, काही फायली कॉम्प्युटरवर आधीपासून असतीलच असं धरून चालतो. त्या सामायिक सामानाला डिपेन्डन्सी म्हणतात. नवं विंडोज टाकलं की जुन्यावर जमा झालेलं हे सामान जातं, म्हणून काल चालणारा प्रोग्राम आज अडून बसतो.

पहिलं काम: ओके दाबायच्या आधी मोबाइलनं त्या चौकटीचा फोटो काढा. फाइलचं नाव आणि त्यातला आकडा महत्त्वाचा, कारण सामान कुठून आणायचं ते त्यावरूनच कळतं.

नावात एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाइम१४० दिसलं, तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हवं, २०१५ ते २०२२ वालं. ते सगळं मिळून एकच पॅकेज आहे. एमएसव्हीसीआर१२० असेल तर २०१३ चं, ११० असेल तर २०१२ चं, १०० असेल तर २०१० चं. नवं टाकलं म्हणजे जुन्याची गरज भागते असं नाही. ही सगळी वेगवेगळी आहेत आणि एकाच कॉम्प्युटरवर सुखानं नांदतात. म्हणून ॲप्सच्या यादीत व्हिज्युअल सी++ ची आठ-दहा नावं दिसली तरी साफसफाई म्हणून ती काढू नका. डी३डीएक्स९_४३ हे नाव आलं तर डायरेक्टएक्सचं जून २०१० चं पॅकेज लागतं. विंडोज १० मध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी ही जुनी फाइल त्यात येत नाही. आणि विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर एपीआय-एमएस-विन-सीआरटी अशी लांबलचक नावाची फाइल मागितली, तर सर्व्हिस पॅक १ असल्याची खात्री करून केबी२९९९२२६ हा अपडेट टाका.

दुसरी गोष्ट ३२ बिट की ६४ बिट. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथं सिस्टिम टाइपपुढे विंडोजचा प्रकार दिसतो. पण फसगत होते ती पुढे. विंडोज ६४ बिट असलं तरी प्रोग्राम ३२ बिटचा असू शकतो, आणि सामान प्रोग्रामच्या मापाचं लागतं. मी तर ६४ बिट विंडोजवर व्हिज्युअल सी++ ची एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं) अशी दोन्ही पॅकेजं टाकतो. पाच मिनिटांचं काम, नंतरचा ताप वाचतो. ०एक्ससी००००००७बी असा एरर आला तर बहुतेक वेळा दोन मापांची सरमिसळ झालेली असते.

आता एक कळकळीची विनंती. चौकटीत नाव आलेली ती फाइल (अशा सामायिक फायलींना डीएलएल म्हणतात) सुटी डाउनलोड करून सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाकू नका. फाइलचं नाव शोधलं की अशा साइटी सगळ्यात वर येतात. ती फाइल कुणी ठेवली, त्यात काय मिसळलं, काही कळत नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांची आधार कार्डं, सातबारे, बँकेची पासबुकं स्कॅन केलेली असतील तर हा धोका तुमच्या एकट्याचा राहत नाही. शिवाय ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ फोल्डरात ६४ बिटच्या फायली असतात आणि ३२ बिटच्या सिसवॉव६४ मध्ये. नावं उलटी, त्यामुळे खरी फाइलही चुकीच्या जागी पडते. पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या.

जिनिंगवर मग काय केलं? डॉट नेट ३.५ चं नाव विंडोज १० च्या यादीत असतं, पण त्याच्या फायली सोबत आलेल्या नसतात. कंट्रोल पॅनेलमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडून ३.५ पुढे खूण केली की विंडोज ते नेटवरून आणतं. तिथं मोबाइलची एकच कांडी, डाउनलोड अडकलं. माझ्या पेनड्राइव्हवर त्याच आवृत्तीची विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोजची अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये, होती. तिच्यावर डबल क्लिक केलं, ती ई ड्राइव्ह म्हणून उघडली. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून एक ओळ टाइप केली. इथं उच्चार देतोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा: डीआयएसएम /ऑनलाइन /इनेबल-फीचर /फीचरनेम:नेटएफएक्स३ /ऑल /सोर्स:ई:\सोर्सेस\एसएक्सएस /लिमिटॲक्सेस. टक्के शंभरावर गेले आणि काटा सुरू झाला. आयएसओ दुसऱ्या आवृत्तीची असेल तर 'सोर्स फायली सापडल्या नाहीत' म्हणून ०एक्स८००एफ०८१एफ हा एरर येतो.

खेड्यात हे काम करणाऱ्यानं एक पेनड्राइव्ह वेगळाच ठेवावा. व्हिज्युअल सी++ ची सगळी वर्षं दोन्ही मापांत, जून २०१० चं डायरेक्टएक्स आणि विंडोजची आयएसओ. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि आयएसओ साधारण त्याहून मोठीच असते. तालुक्याला चांगलं नेट मिळालं की भरून घ्या.

एक फाइल मिळाली की लगेच दुसरीचं नाव येतं, तेव्हा लोक खचतात. खरं तर तुम्ही पुढे सरकलेले असता. नवं नाव वाचा, तीच रीत पुन्हा.

शाळेतल्या जुन्या मशीनवर विंडोजऐवजी उबुंटू किंवा मिंट (लिनक्सचे प्रकार) असेल तर काम सोपं आहे, कारण तिथं सामान आणायला ॲप्ट नावाचा कारभारीच असतो. घोळ होतो तो डेब फाइल (तिथल्या प्रोग्रामचा सेटअप) डीपीकेजी या कमांडनं टाकल्यावर. डीपीकेजी सामान मागतं, आणून देत नाही, आणि 'अनमेट डिपेन्डन्सीज' म्हणून प्रोग्राम अर्धवट राहतो. तेव्हा 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही कमांड द्या. पुढच्या वेळी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल', त्यापुढे डॉट-स्लॅश लावून फाइलचं नाव, असं टाका. सामान आपोआप येईल. तरीही आवृत्ती जुळत नाही असं म्हणालं तर ती डेब दुसऱ्या आवृत्तीच्या उबुंटूसाठी बनलेली असते. जबरदस्ती करू नका, तोच प्रोग्राम फ्लॅटपॅक किंवा ॲपइमेज या प्रकारात मिळतो का पाहा. त्यांच्यात बरंचसं सामान सोबत येतं. उबुंटू २२.०४ पासून पुढे मात्र बऱ्याच ॲपइमेजला लिबफ्यूज२ वेगळं टाकावं लागतं.

शाळेत नेट नसेल, तर तीच आवृत्ती असलेल्या दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल शब्दापुढे -डी लावून कमांड द्या. फायली फक्त डाउनलोड होऊन व्हार, कॅश, ॲप्ट, आर्काइव्ह्ज या फोल्डरांच्या वाटेवर जमा होतात. त्या पेनड्राइव्हवर घेऊन शाळेत सगळ्या एकदम टाका. पण त्या मशीनवर जे आधीच आहे ते डाउनलोड होत नाही, म्हणून नुकतंच उबुंटू टाकलेलं, दुसरं काही न भरलेलं मशीन या कामाला घ्यावं.