नोस्क्रिप्टमध्ये कुठल्या साइटला काय परवानगी द्यायची

नोस्क्रिप्ट म्हणजे साइटच्या स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारे छोटे प्रोग्रॅम, तुमच्या परवानगीशिवाय चालू न देणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन. ते टाकलं की पहिल्याच दिवशी अर्ध्या साइट मोडल्यासारख्या दिसतात, मेनू उघडत नाही, फोटो येत नाहीत, मग माणूस वैतागतो आणि वरचं सगळी बंधनं काढायचं बटण दाबून मोकळा होतो, म्हणजे एक्स्टेन्शन असून नसल्यासारखं. तसं करू नका, पाच चिन्हं एकदा समजून घ्या.

नोस्क्रिप्टच्या आयकॉनवर क्लिक केलं की पानात जिथून जिथून सामान येतं त्या डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्यांची, यादी येते आणि प्रत्येकापुढे ही पाच चिन्हं. डिफॉल्ट म्हणजे या साइटबद्दल तुम्ही अजून काही ठरवलेलं नाही, आणि तोवर तिच्या स्क्रिप्ट बंद. टेंपररी ट्रस्टेड म्हणजे ब्राउझर बंद करेपर्यंत चालू. ट्रस्टेड म्हणजे कायमचं. अनट्रस्टेड म्हणजे कायमचं बाहेर. कस्टमचं पुढे सांगतो, खरी मजा तिथेच आहे.

गोंधळ होतो तो इथे, की परवानगी पानाला नाही, डोमेनला मिळते. समजा एखाद्या बातम्यांच्या साइटवर व्हिडिओ चालेना म्हणून तुम्ही यादीतल्या सगळ्यांनाच ट्रस्टेड केलं, त्यात डबलक्लिक नावाचं जाहिरातींचं डोमेन होतं, साइटवर ट्रॅकिंगच्या स्क्रिप्ट लावणारं गूगल टॅग मॅनेजर होतं. आता ही दोघं त्या पानापुरती नाहीत, जिथे जिथे त्यांची स्क्रिप्ट लावलेली आहे तिथे सगळीकडे चालणार. आपल्या सोसायटीच्या गेटवर एकाला 'जाऊ दे' म्हटलं आणि तो बोरिवलीपासून कुलाब्यापर्यंत कुठल्याही बिल्डिंगमध्ये बिनधास्त शिरला, असा प्रकार.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ॲड्रेस बारमध्ये जी साइट दिसतेय फक्त तिला टेंपररी करा. तरी चालली नाही तर साइटच्याच नावासारखं दुसरं डोमेन दिसतंय का बघा, कारण बरेच जण फोटो आणि स्क्रिप्ट तसल्या वेगळ्या डोमेनवर ठेवतात. 'मी रोबोट नाही' वाला चौकोन दिसत नसेल तर गूगल आणि जीस्टॅटिक (तेही गूगलचंच) ही दोन डोमेन लागतात. ती बहुतेक आधीच ट्रस्टेड दिसतील, घाबरू नका, कोणी हॅक केलेलं नाही, नोस्क्रिप्ट काही मोठ्या साइट भरूनच येतं. नको असतील तर ऑप्शन्समधल्या पर-साइट परमिशन्समध्ये जाऊन बदला. जाहिरात आणि ॲनालिटिक्सवाल्यांना, म्हणजे कोण काय बघतंय ते मोजणाऱ्यांना, हात लावायचीच गरज नाही, त्यांच्याशिवाय साइट बहुतेक वेळा मजेत चालते.

नावाशेजारी कुलूप असतं तेही बघा. हिरवं असेल तर परवानगी एचटीटीपीएसपुरतीच, म्हणजे कुलूपबंद सुरक्षित कनेक्शनपुरतीच, लाल उघडं असेल तर साध्या एचटीटीपीलाही. स्टेशनवरचं किंवा कॅफेचं फुकट वायफाय वापरत असाल तर लाल ठेवू नका, मधल्या मधे कोणीही स्क्रिप्ट घुसवू शकतो.

आता कस्टम. यात स्क्रिप्ट, मीडिया, फॉन्ट, फ्रेम असं एकेक टिक करता येतं, आणि नव्या व्हर्जनमध्ये वर एक ड्रॉपडाउन असतो, ही परवानगी कुठल्या साइटवर असताना लागू करायची ते त्यात निवडायचं. म्हणजे फेसबुकची स्क्रिप्ट फेसबुकवर असतानाच चालेल, रेसिपीच्या पानावर नाही. माझ्या मते अख्ख्या एक्स्टेन्शनमधली सगळ्यात कामाची गोष्ट ही, आणि ती इतकी लपवून ठेवलीये की कोणी उघडतच नाही.

पेमेंटचं मात्र वेगळं. विजेचं बिल भरताना साइट तुम्हाला पेमेंट गेटवेकडे ढकलते, तिथून बँकेच्या ओटीपीच्या पानावर, आणि प्रत्येक टप्प्यावर नवीन डोमेन. ओटीपीचं पान पांढरं आलं म्हणून तिथे परवानगी बदलली की नोस्क्रिप्ट पान रिलोड करतं, आणि व्यवहार अधांतरी, पैसे कापले की नाही ते बँकेचा मेसेज येईपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा ॲड्रेस बारमध्ये about:profiles टाइप करून फायरफॉक्सचं वेगळं प्रोफाइल बनवा, त्यात नोस्क्रिप्ट टाकूच नका, आणि ते फक्त बँक, बिलं, तिकिटं यासाठी वापरा. आईबाबांच्या कॉम्प्युटरवर तर आधी हेच करा, नाहीतर भर ऑफिसात फोन येतो, अरे हे गोल गोल फिरतंय, काय दाबू?

आणि ऑप्शन्समध्ये डिफॉल्टच्या खाली स्क्रिप्टला टिक करू नका, ते एका साइटसाठी नसतं, आजवर न पाहिलेल्या प्रत्येक साइटला लागू होतं. सगळं मनासारखं बसलं की तिथेच एक्सपोर्ट आहे, फाइल काढून ठेवा, नवीन लॅपटॉपवर इम्पोर्ट केली की झालं.