बागेतली खोटी झाडं: या चुका टाळा

प्लास्टिकचं झाड म्हणजे एकदा आणायचं, ठेवायचं आणि विसरून जायचं, अशी समजूत पक्की बसली आहे. तिचे परिणाम मी बागांमधून सतत बघते. खऱ्या झाडाची हेळसांड झाली तर ते बिचारं वाळतं आणि जागा मोकळी करतं. खोटं झाड निळसर पडतं, धुळीने माखतं, त्याच्या फांद्या लोंबायला लागतात, तरी ते तिथेच उभं असतं, कारण घरातल्या कुणाला तरी वाटतं, ‘अजून चांगलं आहे की!’

खोट्या झाडांना माझा विरोध नाही. जिन्याखालचा अंधारा कोपरा, हात पोचत नाही असा उंच हूक, ऊन कधीच न येणारी पोर्चची भिंत, अशा ठिकाणी खरं झाड कुढत जगतं. तिथे चांगल्या प्रतीचं खोटं झाड जरूर ठेवावं. पण जिथे खरं झाड आनंदाने वाढेल तिथे केवळ पाणी घालायचा कंटाळा म्हणून प्लास्टिक आणणं मला पटत नाही. शिवाय अशाच जागी, म्हणजे भरपूर उन्हात, प्लास्टिकही सगळ्यात लवकर खराब होतं.

घरातलं झाड उन्हात ठेवणं

चुकांमधली ही सगळ्यात मोठी. बाजारातली बहुतेक कृत्रिम फुलं घरात ठेवण्यासाठी केलेली असतात. ज्यांना आपण ‘सिल्कची फुलं’ म्हणतो ती बहुतेक वेळा पॉलिस्टरची असतात, पानं पॉलिएथिलीनची किंवा पीव्हीसीची. उन्हातले अतिनील किरण या प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत जातात. रंग उडणं हे त्याचं पहिलं लक्षण. हिरवा रंग पुष्कळदा पिवळा आणि निळा मिसळून केलेला असतो, त्यातला पिवळा आधी उडतो आणि पानं निळसर दिसायला लागतात. त्यानंतर प्लास्टिक ठिसूळ होतं.

आमच्या शेजारच्या काकूंनी गच्चीच्या कठड्यावर लाल बोगनवेलीच्या माळा बांधल्या होत्या. दुपारपासून संध्याकाळपर्यंत थेट ऊन येणारी बाजू. मी फुलाला हात लावून बघितला आणि म्हटलं, “काकू, ही कापडी आहेत, बाहेर टिकायची नाहीत.” त्या म्हणाल्या, “अगं, खोक्यावर बागेचाच फोटो होता!” उन्हाळाभर तो लाल रंग आधी फिकट गुलाबी, मग मळकट पांढरा होत गेला. पहिल्या पावसात उरलासुरला रंग धुपला आणि कठड्याच्या पांढऱ्या भिंतीवर त्याचे ओघळ आले. पाकळ्या देठाला गरम गोंदाने चिकटवलेल्या होत्या. तो गोंद तापला की मऊ पडतो, त्यामुळे निम्मी फुलं कधीच गळून गेली होती. शेवटी आम्ही दोघी माळा उतरवायला बसलो. मी एक पान चिमटीत धरलं, तर त्याचा वाळक्या पानासारखा चुरा झाला. तो सगळा चुरा खाली ठेवलेल्या काकूंच्या खऱ्या तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांत पडला. वरची माती काढून चाळली, तरी बारीक कण मातीतच राहिले. हे कण कुजत नाहीत. खोक्यावरचा फोटो बघून खरेदी करू नका, असं मी म्हणते ते यासाठी.

खरेदी करताना एकच प्रश्न विचारा: अतिनील किरणांपासून संरक्षण करणारं द्रव्य प्लास्टिक बनवतानाच मिसळलंय, की वरून फवारलंय? मिसळलेलं असेल तर ते पानाच्या आतपर्यंत असतं आणि जास्त टिकतं. फवारलेला थर पावसाने आणि पुसण्याने झिजत जातो. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर ते झाड सावलीतलं समजावं. घरी आणल्यावर ‘यूव्ही स्प्रे’ मारणारेही खूप भेटतात. मला हा उपाय आवडत नाही. तो पुन्हा पुन्हा मारावा लागतो, आणि ज्यांना एकदाच काम उरकायचं असतं तेच लोक तो घेतात, म्हणजे दुसऱ्यांदा कुणी मारतच नाही.

माझी सवय अशी आहे: कुंडीच्या तळाला मार्करने खरेदीचा महिना आणि वर्ष लिहिते. प्रत्येक ऋतू संपला की एक पान दुमडून बघते. घडीवर तडा गेला किंवा पान हाताला पावडरसारखं लागलं, तर ते झाड बागेतून बाहेर. आणि जागा ठरवताना एकाच दिवशीची सावली बघत नाही, कारण सूर्य सरकतो. हिवाळ्यात सावलीत असलेला कोपरा उन्हाळ्यात तासन्‌तास उन्हात असू शकतो.

खोक्यातून काढलं तसंच ठेवणं

खोटं झाड ‘खोटं दिसतं’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याच्या फांद्या उघडलेल्याच नसतात. ही झाडं खोक्यात दाबून भरलेली येतात. सगळी पानं एकाच पातळीत, चपटी. तशीच कुंडीत खोचली तर ती पंख्यासारखीच दिसणार. लोकांना दहा मिनिटांत बाग हवी असते. एका मोठ्या झाडाला तासभर देण्याची तयारी नसेल तर ते आणूच नये.

देठांमध्ये तार असते, ती वाकवण्यासाठीच. खालच्या फांदीपासून सुरुवात करा आणि वर जा. दोन शेजारच्या फांद्या कधीही एकाच कोनात ठेवू नका. खालची काही पानं जरा लोंबती ठेवा, वरची कोवळी पानं उभी. शक्य असेल तर त्या जातीचं खरं झाड किंवा त्याचा फोटो समोर ठेवून काम करा. घडीच्या खुणा जात नसतील तर हेअर ड्रायरची मंद हवा लांबून द्या, पान मऊ झालं की बोटांनी आकार द्या आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवा. ड्रायर जवळ नेलात तर पान आक्रसतं आणि मग ते सरळ होत नाही.

मी नवीन झाडावरची काही फुलं काढूनच टाकते. खऱ्या रोपावर कळ्या, पूर्ण उमललेली फुलं आणि सुकत आलेली फुलं एकाच वेळी असतात. सगळीच्या सगळी सारखी फुललेली दिसली की नजर लगेच अडखळते. देठाचा प्लास्टिकचा बुंधा उघडा ठेवू नका, त्यावर गोटे किंवा सुक्या सालीचे तुकडे पसरा. एकसारखी दोन झाडं शेजारी ठेवायचीच असतील तर एक तरी फिरवून, वाकवून, थोडं छाटून वेगळं करा.

हलकी आणि बिनभोकाची कुंडी

खोट्या झाडाबरोबर येणारी छोटी काळी कुंडी वाऱ्यात टिकत नाही. ती मोठ्या, जड कुंडीत ठेवा आणि भोवती खडी किंवा जाड वाळू भरा. उंच कठड्यावर ठेवायचं असेल तर कुंडी बांधलेली हवी, यात तडजोड नको. खाली कुणी उभं असू शकतं.

‘याला पाणी घालायचं नाही, मग भोक कशाला?’ हे मला सतत ऐकावं लागतं. पाणी आपण घालत नाही, पाऊस घालतो. भोक नसलेल्या कुंडीत ते साचतं, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला इतकंसं पाणी पुरतं. अनुकूल हवामानात अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. पेल्याच्या आकाराची फुलं, पानांचे खोलगट बेचके, बाहेरची शोभेची कुंडी, हे सगळं आठवड्यातून एकदा उलटं करून बघा. कुंडीला भोक पाडा. आत साधी माती भरू नका: चिखल उडतो, तण उगवतं आणि ओलीत तारा गंजून फरशीवर तांबडे डाग पडतात, जे सहज निघत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते.

पानांना चमक यावी म्हणून तेल लावू नका, धूळ त्यावर जास्त चिकटते. साबणाचं सौम्य कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढंच पुरे, आणि धुतल्यावर सावलीत वाळवा. खऱ्या झाडांना पाणी मारताना खोट्या पानांवर उडू देऊ नका, पाणी जड असेल तर पांढरे ठिपके राहतात. भिंतीवर खोट्या पानांच्या हिरव्या जाळ्या बसवताना पांढरे केबल टाय वापरू नका, ते उन्हात तुटतात. काळे, बाहेरच्या वापराचे घ्या, आणि भिंत व जाळीमध्ये हवा खेळेल इतकी फट ठेवा. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर, शेगडीजवळ किंवा कोणत्याही ज्योतीजवळ ही झाडं नकोतच.

खरी आणि खोटी फुलं एकाच वाफ्यात मिसळू नका. खरं झाड वाढतं, पानं गाळतं, बहर संपवतं आणि शेजारचं खोटं तसंच राहतं. मी खोटी झाडं मागे आणि उंचावर ठेवते, हाताशी आणि नाकाशी येणारी जागा खऱ्या फुलांची. मधमाशीला खोट्या फुलातून काही मिळत नाही, त्यामुळे तिच्यासाठी चार खऱ्या कुंड्या हव्यातच.

कृत्रिम गवताबद्दल माझं मत अजून कडक आहे. भर उन्हात ते अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतकं तापतं, खालच्या मातीचा श्वास कोंडतो, आणि काही खिडक्यांच्या काचांवरून परावर्तित झालेलं ऊन एका जागी पडलं तर ते चक्क वितळतं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ मध्ये आपल्या प्रदर्शनांत कृत्रिम गवत बंद केलं, ते मला योग्य वाटतं. खऱ्या झाडाच्या बुंध्याभोवती तर ते कधीच अंथरू नका.

झाड टाकून द्यायची वेळ आली की ते जागेवर झटकू नका. आधी त्यावर मोठी पिशवी चढवा, तळाशी बांधा आणि मगच उचला, म्हणजे चुरा मातीत जाणार नाही. कंपोस्टच्या खड्ड्यात त्याचं एक पानही नको. तार, कापड आणि प्लास्टिक एकत्र असल्याने पुनर्वापरासाठी ते सहसा कुणी घेत नाही, म्हणून मी तारा कापून वेगळ्या काढते. न गंजलेल्या तारा खऱ्या वेलींना आधार द्यायला उपयोगी पडतात.